वाचकांचे प्रश्न : ऑरगॅनिक एकट्याने शिकताना

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची आहेत आणि तिन्ही खान्देशातून आली आहेत. दंतवैद्यकाच्या प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या नीट परीक्षेतील सेंद्रिय रसायनशास्त्र, म्हणजे ज्याला विद्यार्थी आणि शिक्षक सगळेच ऑरगॅनिक म्हणतात, ते क्लासशिवाय शिकता येईल का, असा त्यांचा एकूण आशय आहे. म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : आदरणीय सर, मी चोपडा तालुक्यातील एका गावात राहते. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, नंतर अकरावी-बारावी विज्ञान शाखेतून केली. यंदा बीडीएसला प्रवेश मिळण्याइतके गुण पडले नाहीत, म्हणून एक वर्ष घरी राहून पुन्हा नीट देणार आहे. आमची केळीची बाग आहे. बाहेरगावी खोली घेऊन क्लास लावण्याचा खर्च वडिलांना झेपणार नाही. बायोलॉजी मला जमते. ऑरगॅनिक मात्र वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते आणि प्रश्न समोर आला की हात थांबतो. उदाहरण देते : ३-मिथाइलब्युट-१-ईनवर हायड्रोजन ब्रोमाइडची क्रिया केल्यावर मुख्य उत्पादित कोणते, या प्रश्नाला मी मार्कोव्हनिकॉव्हचा नियम (ज्या कार्बनवर आधीच जास्त हायड्रोजन आहेत, तिथेच नवा हायड्रोजन बसतो) लावून २-ब्रोमो-३-मिथाइलब्युटेन असे उत्तर लिहिले. उत्तरसूचीत २-ब्रोमो-२-मिथाइलब्युटेन दिले आहे. वहीच्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे. माझे नेमके काय चुकले? आणि हा विषय एकटीने होण्यासारखा आहे का?

उत्तर : होण्यासारखा आहे, आणि तसे मी तुमच्या वहीचे पान पाहून म्हणतो आहे, कारण तुम्ही नुसते उत्तर न लिहिता क्रिया काढून पाहिली आहे. त्या पानावर तुम्ही अल्कीनचा दुहेरी बंध काढला, शेजारी हायड्रोजनचा धन आयन काढला आणि हायड्रोजनपासून दुहेरी बंधाकडे जाणारा वक्र बाण काढला. हा बाण उलटा आहे. वक्र बाण अणू कुठे गेला ते दाखवत नाही. इलेक्ट्रॉनांची जोडी कुठून निघाली आणि कुठे पोहोचली ते दाखवतो. धन आयनाजवळ देण्यासाठी इलेक्ट्रॉन नसतातच, ते दुहेरी बंधात असतात, म्हणून बाण नेहमी बंधातून किंवा एकाकी (बंधात न गुंतलेल्या) जोडीतून निघून इलेक्ट्रॉनांची कमतरता असलेल्या अणूकडे जातो. ही चूक इतकी सर्रास होते की तीस वर्षांच्या अध्यापनात दर वर्षी पहिल्या महिन्यात मला ती अर्ध्या वर्गाच्या वह्यांत सापडत असे. ती वेळीच दुरुस्त झाली नाही, तर पुढची प्रत्येक क्रिया वेगळी पाठ करावी लागते.

आता तोच प्रश्न योग्य दिशेच्या वक्र बाणाने काढून पाहा. दुहेरी बंधातील जोडी हायड्रोजनकडे गेली आणि हायड्रोजन टोकाच्या, म्हणजे पहिल्या कार्बनवर बसला. धनभार दुसऱ्या कार्बनवर आला, म्हणजे द्वितीयक कार्बोकॅटायन (दोन कार्बनांना जोडलेला धनभारित कार्बन) तयार झाला. इथपर्यंत तुमचे उत्तर आणि मार्कोव्हनिकॉव्हचा नियम दोन्ही बरोबर आहेत. मात्र त्या धनभाराच्या अगदी शेजारी, तिसऱ्या कार्बनवर, दोन मिथाइल गट आणि एक हायड्रोजन आहे. तो हायड्रोजन आपल्या बंधातील दोन्ही इलेक्ट्रॉन घेऊन दुसऱ्या कार्बनवर सरकला, तर धनभार तिसऱ्या कार्बनवर जातो आणि कार्बोकॅटायन तृतीयक होतो. तृतीयक अधिक स्थिर असतो, कारण त्याला तीन अल्किल गटांचा इंडक्टिव्ह (बंधांमधून इलेक्ट्रॉन ढकलण्याचा) आणि हायपरकॉन्ज्युगेशनचा (शेजारच्या कार्बन-हायड्रोजन बंधातील इलेक्ट्रॉनांचा) आधार मिळतो. हायड्राइड सरकण्याची ही पायरी ब्रोमाइड येण्याआधी घडते, म्हणून ब्रोमीन तिसऱ्या कार्बनवर बसतो. नाव देताना जवळच्या टोकाकडून क्रमांक मोजला की तोच २-ब्रोमो-२-मिथाइलब्युटेन होतो. थोडक्यात, नियम खोटा ठरलेला नाही. मार्कोव्हनिकॉव्हने १८६९ च्या सुमारास आपला नियम निरीक्षणांवरून मांडला, तेव्हा कार्बोकॅटायनची कल्पनाच रूढ नव्हती. आपल्याला ती आज माहीत आहे, म्हणून आपण नियमाच्या मागच्या कारणापासून सुरुवात करावी. कारण हाताशी असेल, तर नियम कुठे पुरतो आणि कुठे पुरत नाही हे आपले आपल्याला दिसते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही याच पानात आहे. घरी बसून शिकणाऱ्याला व्याख्यानांची कमतरता आता राहिलेली नाही. मोबाइलवर हवी तितकी ऐकता येतात. कमतरता असते ती आपला बाण उलटा गेला आहे हे सांगणाऱ्या माणसाची. म्हणून वर्षभराचे नियोजन करताना 'किती पाने वाचली' यापेक्षा 'माझे कोण तपासणार' हा प्रश्न आधी सोडवा. तपासणीचा मोठा भाग तुम्ही स्वतःच करू शकता. प्रत्येक पायरीनंतर तीन गोष्टी मोजण्याची सवय लावा : कुठल्याही कार्बनला चारपेक्षा जास्त बंध झालेले नाहीत ना, अभिक्रियेच्या बाणाच्या अलीकडचा एकूण भार आणि पलीकडचा एकूण भार सारखा आहे ना, आणि अणूंची संख्या जुळते ना. ही मोजणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि बहुतेक चुका तिथेच पकडल्या जातात. उरलेल्या चुकांसाठी तुमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या शिक्षकांना आठवड्यातून अर्धा तास मागा. संकोच करू नका. माजी विद्यार्थिनी वही घेऊन दारात आली, तर नाही म्हणणारा शिक्षक मी फारसा पाहिलेला नाही. फक्त जाताना 'सर, मला काही समजत नाही' असे न म्हणता, खुणा करून ठेवलेली पाच उदाहरणे घेऊन जा.

वाचण्याची पद्धतही बदलावी लागेल. एनसीईआरटीचे पुस्तक वाचताना उत्पादिते पोस्टकार्डाने झाका, अभिक्रियाकारक पाहून उत्पादित स्वतः काढा आणि मगच कार्ड सरकवा. वाचताना समजल्यासारखे वाटते आणि सोडवताना हात थांबतो, याचे कारण हेच आहे की उत्तर डोळ्यांसमोर असताना मेंदूला ते शोधण्याचे काम पडतच नाही. आपले उत्तर चुकले, तर ते खोडू नका. त्याखाली वेगळ्या शाईने 'मी काय गृहीत धरले होते' हे एका ओळीत लिहा. दिवाळीपर्यंत अशा ओळींची जी वही तयार होईल, ती बाजारातल्या कोणत्याही गाइडपेक्षा तुमच्या अधिक कामाची असेल.

धड्यांच्या क्रमात घाई करू नका. अकरावीच्या पुस्तकातील सेंद्रिय रसायनशास्त्राची मूलतत्त्वे हा धडा, म्हणजे नामकरण, समघटकता, इंडक्टिव्ह परिणाम, रेझोनन्स (इलेक्ट्रॉन एकाहून अधिक अणूंवर पसरणे), हायपरकॉन्ज्युगेशन आणि कार्बोकॅटायन, मुक्त मूलक (जोडी नसलेला एकटा इलेक्ट्रॉन असलेले) व कार्बॅनायन (ऋणभारित कार्बन) यांची स्थिरता, याला माझ्या मते सलग तीन आठवडे द्यावेत आणि तोपर्यंत पुढचे पान उलटू नये. पुढचे धडे याच कल्पनांवर उभे आहेत. फिनॉल इथेनॉलपेक्षा कितीतरी अधिक आम्लधर्मी का, याचे कारण फिनॉक्साइड आयनातील ऋणभार बेंझीनच्या वलयात पसरतो हे आहे. पॅरा-नायट्रोफिनॉल त्याहूनही आम्लधर्मी का, तर नायट्रो गट तो भार आणखी ओढून घेतो. फिनॉलचा पीकेए १० च्या आसपास, इथेनॉलचा १५.९ आणि पॅरा-नायट्रोफिनॉलचा ७.१ हे आकडे पुस्तकातच आहेत; पीकेए जितका लहान, तितके आम्ल बलवान. ते पाठ करण्याऐवजी ऋणभार कुठे-कुठे जाऊ शकतो ती चित्रे काढा, क्रम आपोआप लागेल. त्यानंतर हायड्रोकार्बन, हॅलोअल्केन, अल्कोहोल-फिनॉल-ईथर, अल्डिहाइड-कीटोन-कार्बोक्झिलिक आम्ले आणि अमाइन हा पुस्तकाचाच क्रम धरा. अल्डिहाइडांच्या धड्यात तर एकच प्रश्न स्वतःला विचारत राहा : कार्बोनिल गटाच्या शेजारच्या कार्बनवर हायड्रोजन आहे का? असेल, तर सौम्य अल्कलीत आल्डॉल अभिक्रिया होते. मिथेनाल किंवा बेंझाल्डिहाइडप्रमाणे नसेल, तर संहत अल्कलीत कॅनिझारो अभिक्रिया होते.

पाठ काहीच करायचे नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. अभिक्रियाकारक आणि त्यांच्या अटी पाठच कराव्या लागतात. रोझेनमुंड क्षपणात बेरियम सल्फेटवरचे पॅलेडियम असते, एटार्ड अभिक्रियेत क्रोमिल क्लोराइड असते, हे तर्काने सुचणार नाही. पण पाठ करताना जोड्या लावा. क्लेमेन्सन आणि वोल्फ-किश्नर या दोन्ही क्षपणांत कार्बोनिलचा मिथिलीन गट होतो. पहिले झिंक अमालगम आणि संहत हायड्रोक्लोरिक आम्लात, दुसरे हायड्राझीन आणि अल्कलीत. रेणूत आम्लाने बिघडणारा दुसरा गट असेल, तर कोणते निवडावे हे जोडी माहीत असल्यावर लगेच कळते.

तुम्ही केळीच्या बागेतून लिहिता, म्हणून एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. केळी पिकवण्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये सोडला जाणारा इथिलीन वायू म्हणजेच तुमच्या पुस्तकातील ईथीन. अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे तो दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत वापरता येतो. ज्या कार्बाइडच्या पुड्या फळांत ठेवण्यावर बंदी आहे, त्या कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की ईथाइन, म्हणजे ॲसिटिलीन तयार होते, आणि त्यासोबत आर्सेनिक व फॉस्फरसच्या विषारी संयुगांचा अंशही येऊ शकतो. हे समीकरण अकरावीच्या हायड्रोकार्बनच्या धड्यात आहे. पिकलेल्या घडाच्या वासातला मोठा वाटा आयसोअमाइल ॲसिटेट या एस्टरचा असतो. अशा ओळखीच्या वस्तूंशी नावे जोडली गेली की ती परकी राहत नाहीत.

माध्यमाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. मराठी निवडल्यास पुस्तिकेत इंग्रजी आणि मराठी दोन्ही असते, पण भाषांतराबद्दल शंका निर्माण झाल्यास इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. अकरावी-बारावीची पुस्तके तुम्ही इंग्रजीतून वाचली आहेत, तेव्हा सरावही इंग्रजी संज्ञांतच करा. दहावीच्या पुस्तकातील 'क्रियात्मक गट', 'समजातीय श्रेणी' हे शब्द मनात अर्थ पक्का करण्यासाठी खुशाल वापरा. संकल्पना मातृभाषेत समजलेली असणे हा कमीपणा नाही.

प्रश्न : मी शहादा तालुक्यातील शेतकरी आहे. मुलगी नीटची तयारी घरूनच करते. तिची बायोलॉजी पक्की आहे. तिच्या मैत्रिणी म्हणतात की ऑरगॅनिक सोडून द्यावे आणि तो वेळ बायोलॉजीला द्यावा. आम्हाला यातले कळत नाही. आपला सल्ला काय?

उत्तर : ऑरगॅनिक सोडू देऊ नका. हिशेब असा आहे : परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात; जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्राचे ४५ आणि रसायनशास्त्राचे ४५ प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. काही वर्षे पर्यायी प्रश्नांची सोय होती, ती २०२५ पासून बंद झाली असून आता सर्व प्रश्न अनिवार्य आहेत. रसायनशास्त्रातील साधारण एक तृतीयांश प्रश्न ऑरगॅनिकचे असतात, म्हणजे सुमारे ६० गुण. ज्या मुलीची बायोलॉजी आधीच पक्की आहे, तिला तिथे आणखी दहा गुण मिळवायला जितके कष्ट पडतील, तितक्या कष्टांत ऑरगॅनिकमध्ये त्याहून अधिक गुण मिळू शकतात.

आपल्या कन्येची सुरुवात थोडी वेगळी करता येईल. जैवरेणूंचा धडा तिने आधी घ्यावा. कर्बोदके, प्रथिने, न्यूक्लिक आम्ले यांचा बराच भाग जीवशास्त्रातही आहे, त्यामुळे तो वाचताना तिला आपण अनोळखी गावात आल्यासारखे वाटणार नाही. आपल्याकडच्या कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्याच रेणूंची लांब साखळी. स्टार्चही ग्लुकोजचेच, फरक फक्त जोडणीच्या दिशेचा, आणि तेवढ्या फरकामुळे भाकरी आपल्याला पचते आणि कापूस पचत नाही. हा धडा झाला की मूलतत्त्वांकडे वळावे. आणि एक विनंती आपल्याला : परीक्षा साधारणपणे मे महिन्याच्या सुरुवातीला असते, तोवर कापूस वेचणीच्या दिवसांत घरात हात कमी पडतात हे मी जाणतो, तरी सकाळचे दोन तास तिचे आहेत असे घरात सर्वांनी ठरवून टाकावे.

प्रश्न : मी धुळ्यात राहतो. दोनदा नीट दिली आहे, तिसऱ्यांदा देतो आहे. एवढे सगळे ऑरगॅनिक दंतवैद्याला दवाखान्यात खरोखर लागते का? लागत असेल तर निदान अभ्यासाला बळ येईल.

उत्तर : लागते, आणि आपण अभ्यासत असलेल्या धड्यांतूनच लागते. दाढ दुखली की आजी लवंग दाताखाली धरायला सांगते. लवंगेच्या तेलातील मुख्य घटक युजेनॉल. त्याच्या बेंझीन वलयावर एक फिनॉलचा हायड्रॉक्सिल गट, एक मिथॉक्सी म्हणजे ईथर गट आणि एक अल्कीनची शेपटी आहे. एकाच रेणूत आपले तीन धडे आहेत. दंतवैद्य हेच युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरते सिमेंट भरतात. पण त्याच दातावर पुढे दातांच्या रंगाचे कॉम्पोझिट भरायचे असेल, तर ते युजेनॉल टाळतात. कॉम्पोझिटमधले रेझिन प्रकाश पडल्यावर मुक्त मूलकांच्या साखळी अभिक्रियेने घट्ट होते, आणि युजेनॉलमधील फिनॉलचा हायड्रोजन त्या मूलकांना मध्येच पकडून साखळी तोडतो, त्यामुळे रेझिन नीट कडक होत नाही. कॉम्पोझिटमध्ये वापरला जाणारा बिस-जीएमए हा रेणू १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला राफाएल बोवेन यांनी पुढे आणला. कवळीचे गुलाबी ॲक्रिलिकही मिथाइल मेथॅक्रिलेटचेच बहुवारिक (पॉलिमर) आहे. मुक्त मूलकांची स्थिरता हा विषय आपण परीक्षेपुरता वाचतो, पण दवाखान्यात तो रोज खुर्चीजवळ असतो.

सर्वांत सुंदर उदाहरण मात्र भूल देण्याच्या इंजेक्शनचे आहे. लिग्नोकेन हे औषध १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी तयार केले. त्याच्या रेणूत दोन नायट्रोजन आहेत : एक अमाइडचा आणि दुसरा तृतीयक अमाइनचा. प्रोटॉन यांपैकी कोण घेईल, असा प्रश्न नीटमध्ये आला असे समजा. अमाइडमधील नायट्रोजनची एकाकी जोडी शेजारच्या कार्बोनिल गटाशी रेझोनन्समध्ये गुंतलेली असते, त्यामुळे ती देण्यासाठी मोकळी नसते; तृतीयक अमाइनची जोडी मोकळी असते, म्हणून प्रोटॉन तिथे बसतो. आता हे औषध चेतातंतूच्या मेदयुक्त आवरणातून आत शिरते ते प्रोटॉन नसलेल्या, भाररहित रूपात. त्याचा पीकेए सुमारे ७.९ आहे. शरीराच्या ऊतींचा पीएच ७.४ धरला, तर साधारण एक चतुर्थांश रेणू भाररहित असतात आणि तेवढे पुरतात. दाताच्या मुळाशी पू झाला असेल, तर तिथला पीएच उतरतो, तो ६.४ धरून हिशेब करा, भाररहित रेणू तीन टक्क्यांच्या आसपास उरतात. सुजलेल्या, पू झालेल्या दाताला भूल नीट लागत नाही, याची कारणे एकापेक्षा अधिक आहेत. त्यांतले एक महत्त्वाचे कारण हे.

म्हणून अमाइनचा धडा पुन्हा काढा. पाण्यातल्या द्रावणात मिथाइल अमाइनांच्या आम्लारिधर्माचा क्रम द्वितीयक, प्राथमिक, तृतीयक असा का लागतो, आणि इथाइल अमाइनांत तो द्वितीयक, तृतीयक, प्राथमिक असा का बदलतो, हे आधी पाठ न करता लिहून पाहा. अल्किल गट इलेक्ट्रॉन पुरवून नायट्रोजनची देण्याची क्षमता वाढवतात. पण प्रोटॉन बसल्यावर तयार होणाऱ्या आयनाला पाण्याचे रेणू सावरून धरतात, आणि नायट्रोजनवर हायड्रोजन कमी उरले की हा आधारही कमी होतो. शिवाय गटांची गर्दी प्रोटॉनच्या वाटेत येते. हे तिन्ही परिणाम एकाच वेळी काम करतात, म्हणून एकाच नियमाने क्रम लागत नाही. डायमिथाइल अमाइनचा पीकेबी ३.२७, मिथाइल अमाइनचा ३.३८ आणि ट्रायमिथाइल अमाइनचा ४.२२. आकडा जितका लहान, तितका आम्लारी बलवान. कागदावर तिन्ही आयन काढा, प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधाने जोडा आणि कोणाभोवती किती बसतात ते मोजा.